"माझं काही नाही रे, पण लोक स्वीकारणार नाहीत"

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): कोपरखैरण्याचे एक वाचक, वय ३६. वडील माथाडी कामगार, एपीएमसी मार्केटमधून रिटायर झालेले, गाव साताऱ्याकडचं. कॉलेजपासून एकाच पक्षात काम, आधी युवक आघाडी आणि मग वॉर्डाची जबाबदारी. यंदाच्या महापालिका निवडणुकीत खुल्या जागेवरून यांचं तिकीट नक्की धरलं होतं, पत्रकं छापायला गेली होती. अर्ज भरायच्या शेवटच्या दोन दिवसांत कोणीतरी यांचा आणि यांच्या पार्टनरचा मुंबईच्या प्राइड मार्चमधला (समलिंगी, ट्रान्सजेंडर लोकांच्या मोर्चातला) जुना फोटो पॅनलमधल्या, म्हणजे त्याच प्रभागातून एकत्र लढणाऱ्या, बाकी तिघांना पाठवला. संध्याकाळी स्थानिक नेत्यांनी बोलावून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "माझं काही नाही रे, पण लोक स्वीकारणार नाहीत, तुझ्यामुळे अख्खं पॅनल पडेल. तू लग्न करून टाक, पुढच्या वेळी बघू." एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) आठवडाभरापूर्वी पक्षात आलेल्या माणसाला गेला. आता यांना पक्षात एक पद देतायत, अट एकच, "तो विषय" कुठे निघता कामा नये. हे गे आहेत हे घरात फक्त वहिनीला माहीत आहे. पार्टनर सहा वर्षांपासून सोबत राहतो, शेजाऱ्यांसाठी तो रूममेट. विचारतात, राजकारण सोडू, पक्ष बदलू, लग्न करून मोकळा होऊ, की सगळ्यांना सांगून टाकू?

मित्रा,

तुला अरे-तुरे करतेय, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस म्हणून, राग मानू नकोस.

आधी लग्नाचं बोलते, कारण तू लिहिलेल्या चार पर्यायांत हा एकच असा आहे ज्यावर मी तोलूनमापून बोलणार नाहीये. करू नकोस. साहेबांनी जो उपाय सांगितला त्यात एक बाई आहे आणि तिला कोणीही काहीही विचारलेलं नाही. ती कुठेतरी साताऱ्यात नाहीतर कामोठ्यात आत्ता आपल्या नोकरीत, आपल्या स्वप्नांत आहे, आणि तिचं अख्खं आयुष्य तुझ्या पुढच्या तिकिटासाठी वापरायचं असं चाललंय. तू पत्रात लिहिलंस "लग्न करून मोकळा होऊ", पण मोकळं कोण होणार त्यात? ती नाही, तू नाही, सहा वर्षं तुझ्यासोबत राहणारा तो पण नाही. सत्य लपवून केलेलं लग्न फसवणूक म्हणून रद्द करून घ्यायला ती कोर्टात जाऊ शकते, आणि तिने जायलाच हवं असं मी तिला सांगेन. शिवाय निव्वळ राजकारणाच्या हिशोबाने बघ, आज तुझ्या विरोधकाच्या हातात एक फोटो आहे, लग्नानंतर त्याच फोटोच्या जोडीला एक दुखावलेलं सासर असेल. साहेब पुढच्या वेळी तिकीट देतीलच याची तर कुठेच हमी नाही, "बघू" म्हणालेत ते.

आता "लोक" या विषयावर येते, माझ्या मते तुझ्या पत्राची सगळी गाठ तिथे आहे.

लोक स्वीकारणार नाहीत हे वाक्य तू पत्रात स्वतःच्या तोंडून पण दोन ठिकाणी लिहिलंयस, म्हणजे साहेबांनी सांगितलेलं तू अर्धंअधिक मान्य करून बसलायस. मला सांग, त्या संध्याकाळी त्या खोलीत लोक होते कुठे? फोटो कोणाला गेला, पॅनलमधल्या तिघांना. फोन कोणी केला, त्या तिघांपैकी कोणीतरी. निर्णय कोणी घेतला, साहेबांनी. कोपरखैरण्यातल्या एकाही मतदाराला कोणी काही विचारलं नाही. मतदारांचं नाव घेतलं आणि चार जणांनी आपापली अडचण त्यांच्या अंगावर टाकली, असं मला दिसतंय. ती अडचण खरी असेल, भीतीही खरी असेल, पण ती त्या चौघांची आहे. हा फरक महत्त्वाचा कारण चौघांशी बोलता येतं, अदृश्य लोकांशी कोण कसा बोलणार.

आणि तुझे खरे लोक कोण ते तूच सांगितलंयस की. २०१५ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत मतदान झालं, २०२० च्या मे महिन्यात मुदत संपली, आणि मग थेट जानेवारी २०२६. मधली साडेपाच वर्षं पालिकेवर प्रशासक, नगरसेवक नावाचा माणूसच नाही. या काळात पाण्याचं बिल जास्त आलं, ड्रेनेज तुंबलं, जन्मदाखल्यात नाव चुकलं की लोक कोणाकडे गेले? तुझ्यासारख्या बिनपदाच्या कार्यकर्त्यांकडे. कोविडमध्ये वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये बेड मिळावा म्हणून रात्री अडीचला तुला फोन करणाऱ्या त्या काकांनी तुझं लग्न झालंय का हे आधी विचारलं होतं का? नाही ना.

पण मी तुला खोटा दिलासा पण देणार नाही. काही मतं जातील, नक्की जातील. समोरचा उमेदवार मंडळाच्या कट्ट्यावर काहीबाही बोलेल, व्हॉट्सॲपवर घाण फिरेल, भजनी मंडळातले दोन काका तुला टाळतील. पालिकेच्या निवडणुकीत काही सीट्स शेदोनशे मतांनी सुटतात त्यामुळे पक्षवाल्यांची धाकधूक अगदीच हवेतली नाही. माझा प्रश्न एवढाच की हाच हिशोब ते बाकीच्यांसाठी करतात का. पोलीस केसेस असलेला, पाच वर्षं वॉर्डात न दिसलेला, मागच्या आठवड्यात पक्षात आलेला, अशांच्या वेळी "लोकांना आपण समजावू" म्हणतात. म्हणजे समजावण्याची ताकद पक्षाकडे असते, ती कोणासाठी खर्च करायची एवढंच ते ठरवतात.

आता पॅनलचं बघ. हे मी जरा सविस्तर लिहिते कारण तुझ्यासारख्या बाकीच्या वाचकांनाही हे लागू आहे. नवी मुंबईत २०१५ पर्यंत एक वॉर्ड एक नगरसेवक होता. यंदा पहिल्यांदा पॅनल आलं, १११ जागा २८ प्रभागांत, बहुतेक प्रभागांत चार-चार. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या अकरा लाखांवर होती, म्हणजे एका प्रभागात सरासरी चाळीस हजार माणसं. जुन्या वॉर्डात त्याच्या पाव भाग असायची. छोट्या वॉर्डात माणूस ओळखीवर निवडून येतो, लोकांनी त्याला चाळीत, गणपतीत, मयतीला बघितलेलं असतं, त्याच्याबद्दल काही ऐकलं तरी समोरचा म्हणतो "अरे आपला तो, माहितीये मला". चाळीस हजारांत तुला ओळखणारे कमी पडतात आणि चिन्हावर, पॅनलवर मतं पडतात. शिवाय चौघांचा एकच बॅनर, एकच प्रचारफेरी, त्यामुळे एकाबद्दल कुजबुज झाली की बाकी तिघं घाबरतात. म्हणजे पॅनल पद्धतीत तुझ्या उमेदवारीवर व्हेटो मतदारांचा नसतोच, तो त्या तिघांचा असतो.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. हार्वे मिल्क, सॅन फ्रान्सिस्कोचा, उघडपणे गे असलेला दुकानदार. तिथल्या नगर मंडळासाठी तो १९७३ ला उभा राहिला आणि हरला, १९७५ ला परत हरला, तेव्हा अख्खं शहर मिळून सगळ्या सदस्यांना निवडायचं. १९७७ ला भागवार निवडणूक सुरू झाली आणि तो आपल्या भागातून निवडून आला. माणूस तोच होता, मतदारसंघ छोटा झाला. आणि निवडून आल्यावर ज्या कामामुळे त्याचं नाव गावभर झालं ते काय होतं, तर कुत्र्याची घाण मालकाने उचलायची हा नियम. नगरसेवकाचं काम. (वर्षभरातच त्याचा खून झाला, एका माजी सहकाऱ्यानेच केला, हे पण सांगायला हवं, ही गोष्ट सगळी गोड नाही.)

आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक गावात अंजली पाटील या ट्रान्सजेंडर उमेदवार २०२१ ला ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. महिलांच्या जागेवर भरलेला अर्ज आधी बाद झाला, त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टाने परवानगी दिली आणि गावाने निवडून दिलं. अडथळा अर्जाच्या टेबलावर होता, मतपेटीत नव्हता. ट्रान्सजेंडर उमेदवार आणि गे उमेदवार यांची परिस्थिती एकसारखी नाही हे मला माहितीये, त्यांचं असणं लोकांना दिसतं आणि तुझं तू दाखवलंस तरच दिसतं, त्यामुळे तुला लपवण्याचा पर्यायही आहे आणि लपवण्याचा त्रासही. तरी गावाबद्दल आपण जे गृहीत धरतो त्याला या उदाहरणाने धक्का बसायला हवा.

आणि आपले वराडकर? मालवण तालुक्यातल्या मूळ वराडच्या घरातला मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला म्हणून २०१७ मध्ये आपण मराठी लोकांनी केवढा अभिमान मिरवला, २०१९ च्या डिसेंबरमध्ये लिओ वराडकर गावी आले तेव्हा गावाने स्वागत केलं. ते गे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा क्रम बघ, आधी स्थानिक कौन्सिलर, २००७ ला खासदार, मग मंत्री, आणि जानेवारी २०१५ मध्ये आरोग्यमंत्री असताना स्वतः रेडिओवर सांगितलं. लोकांनी आधी अनेक वर्षं काम बघितलं होतं, सांगण्याची वेळ त्यांनी स्वतः निवडली. तुझ्याकडून ती निवड अर्धी हिसकावली गेलीये, याचं मला फार वाईट वाटतं, पण अर्धी अजून तुझ्याकडे आहे.

महिलांचं आरक्षण आलं तेव्हाची भाषा आठवते का कोणाला? तू लहान असशील. बाईला कोण मत देणार, बाई वॉर्डात फिरणार कशी, रात्री फोन आला तर नवरा सोडेल का. नव्वदच्या दशकात एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, नवी मुंबईची तर १९९५ ची पहिली निवडणूकच त्या आरक्षणाने झाली, २०११ ला राज्याने ते पन्नास टक्के केलं, आणि लोक बायकांना निवडून देतात. लोक आधीही देत असते, पक्ष उभंच करत नव्हते. तुझ्या बाबतीत आरक्षण नाही आणि येईल असं मला वाटत नाही, त्यामुळे पक्षाला भाग पाडणारं काही नाही, हे तुझं जास्त अवघड आहे हे मान्य. पण "लोक स्वीकारणार नाहीत" हे वाक्य याआधीही खोटं ठरलंय.

एक प्रश्न मात्र तुला विचारायलाच हवा, आणि तो बोचेल कदाचित. तिकीट फक्त याच कारणाने गेलं हे तुला नक्की माहितीये का? यंदा सगळ्याच पक्षांत युतीची गणितं, बाहेरून आलेले, शेवटच्या रात्री बदललेले फॉर्म हे एवढं झालं की वर्षानुवर्षं घासलेले कितीतरी कार्यकर्ते कोरडे राहिले, आणि त्यातले बहुतेक गे नव्हते. शक्य आहे की तो माणूस पैसा घेऊन आला, त्याला जागा द्यायचीच होती आणि फोटो आयताच हाती लागला. तसं असेल तरी अन्याय तो अन्यायच, फक्त त्यावरचा उपाय वेगळा होतो. म्हणून आधी माहिती काढ. बैठकीत असलेला एखादा तरी माणूस तुझा असेल, त्याला एकट्याला चहाला गाठ आणि नेमकं विचार: पक्षाच्या सर्व्हेत माझं नाव कुठे होतं, फोटो यायच्या आधी माझ्या जागेवर दुसरं नाव चर्चेत होतं का, आणि तिघांपैकी नक्की कोण अडून बसलं. या तीन उत्तरांवर तुझं पुढचं बरंच काही ठरेल.

तिघंही अडले असतील असं मला वाटत नाही, साधारण एक जण अडतो आणि दोन जण गप्प बसतात. ते गप्प बसलेले दोघं तुझे पुढच्या पाच वर्षांतले सर्वात महत्त्वाचे मतदार आहेत. त्यांच्याकडे भांडायला जाऊ नकोस. त्यातल्या ज्या ताई आहेत म्हणतोस, बचत गटाच्या, ज्यांच्या हळदीकुंकवाच्या मांडवापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळं तू केलंयस, त्यांना सरळ विचार की ताई त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं. उत्तर ऐकून घे, मधे बोलू नकोस. माझा अंदाज, त्यांना तुझ्याबद्दल कधीपासून कल्पना होती, त्यांना भीती वाटली ती आपली सीट जाईल याची. भीतीशी बोलता येतं. पुढच्या वेळी पॅनल ठरताना आधीच तीन माणसं अशी हवीत ज्यांना फोटो आला तर ते म्हणतील "हो, माहितीये, पुढे बोला". हे पाच वर्षांचं काम आहे आणि तुझ्यासारख्या संघटनेतल्या माणसाला ते जमण्यासारखं आहे.

पक्ष बदलण्याबद्दल. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रवादीने एलजीबीटी सेल काढला, देशात असा तो पहिला, आणि २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाने अनिश गावंडे या उघडपणे गे असलेल्या तरुणाला राष्ट्रीय प्रवक्ता केलं. या चांगल्या गोष्टी आहेत, मला त्यांचं कौतुक आहे. पण सेल, प्रवक्तेपद आणि वॉर्डातला एबी फॉर्म या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि वरच्या नेत्याचं मन मोठं असलं तरी खाली प्रभागात निर्णय तुझ्या साहेबांसारखीच माणसं घेतात, प्रत्येक पक्षात. जाणार असलास तर वरचं भाषण ऐकून जाऊ नकोस, त्या पक्षाचा कोपरखैरण्यातला माणूस कसा आहे ते बघून जा. आणि जाताना तुझे बूथवाले किती येतील हेही प्रामाणिकपणे मोज, एकटा गेलास तर तिथे तू नवा, इथला जुना हिशोब शून्य. अपक्ष म्हणशील तर चाळीस हजारांच्या प्रभागात, चार बटणं दाबायची असताना, एकट्या अपक्षाला फार जड जातं, घरचे दागिने मोडून तो प्रयोग करू नकोस प्लीज.

राजकारण सोडायचं का? थकला असशील तर थोडं थांब, सहा महिने काही करू नकोस, कोणाचं काही अडणार नाही. पण तू लिहिलंस की सकाळी सातला पाणी आलं नाही तर अजूनही तुझाच फोन वाजतो आणि तुला तो उचलावासा वाटतो. ज्याला तो उचलावासा वाटतो त्याने सोडू नये असं माझं मत. आणि नगरसेवक होणं हाच एक रस्ता नाही, महापालिका कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद आहे, तुमची संस्था रजिस्टर असेल तर तिकडे अर्ज कर, रीडेव्हलपमेंटवर तुझा जेवढा अभ्यास आहे तेवढा त्या टेबलावर हवाच आहे.

आता सांगण्याचं. बाहेर येणं हे तुझ्यावर कर्ज नाही, समाजाचं नाही आणि बाकीच्या गे मुलांचंही नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढला, त्यामुळे तू गुन्हेगार नाहीस, आणि निवडणुकीच्या शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, केसेस, मुलं किती हे विचारतात, तू कोणावर प्रेम करतोस हे कुठेही विचारत नाहीत. पण कोर्टाने सांगितलं म्हणून घरातलं जेवण शांततेत होईल असं नाही. तुझ्या बाबतीत एक अडचण आहे, फोटो फिरतोय. आज तिघांकडे आहे, उद्या आईच्या भिशीच्या ग्रुपवर येईल. म्हणून मला वाटतं बाकी जगाला सांगायचं की नाही ते पुढे ठरव, पण आईला तुझ्याकडून कळू दे. वहिनीला सोबत घे, ती आधीपासून तुझ्या बाजूने आहे ही मोठी जमेची गोष्ट. वडिलांना आधी की आईला, हे तुझ्या घरचं तुला जास्त कळतं. सणावाराच्या दिवशी नको, पाहुणे असताना नको, आणि एका बैठकीत सगळं मिटेल अशी अपेक्षा पण नको. आई रडली, देवाला नवस बोलली, डॉक्टरला दाखवू म्हणाली तर शांतपणे सांग की हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच यादीतून काढलंय, आणि जो डॉक्टर "बरं करतो" म्हणेल त्याच्याकडे जायचं नाही. तुला स्वतःला खूप भरून आलं तर १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन मराठीत बोलते, आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून याच कामात आहे.

या सगळ्यात तुझ्या पार्टनरचा आवाज मला पत्रात कुठे ऐकू आला नाही. तो काय म्हणतो? त्याची नोकरी आहे, त्याचेही आईवडील आहेत. तू स्टेजवरून काही सांगितलंस तर ते त्याच्याबद्दलही सांगितलं जाणार. त्याच्याशी बोलल्याशिवाय साहेबांना कुठलंही उत्तर देऊ नकोस.

फोटो पाठवणाऱ्याचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस पण सांगते. मेसेज कोणत्या नंबरवरून, कधी, कोणाला गेला त्याचे स्क्रीनशॉट मिळतील तेवढे जमा करून ठेव, कोणाला रागात उत्तर देऊ नकोस, आणि एखाद्या वकिलाला दाखवून ठेव. नुसता फोटो दाखवणं आणि "पैसे दे नाहीतर घरी पाठवतो" म्हणणं यात फरक आहे. दुसरं झालं तर भारतीय न्याय संहितेत खंडणीचं कलम ३०८ आहे, अब्रू घालवायची धमकी देऊन दबाव आणला तर ३५१, सरळ पोलिसांत जायचं आणि एक रुपयाही द्यायचा नाही, कारण एकदा दिला की मागणं थांबत नाही. हे डेटिंग ॲप वापरणाऱ्या सगळ्याच मुलांना सांगते, राजकारणात असाल तर जास्तच.

तुझ्यासारखी पत्रं मला फार येत नाहीत, पण वाचणारे असतील. एखादी मुलगी असेल जी महिला आघाडीत आहे आणि तिची "मैत्रीण" मैत्रीण नाही, तिला तर घरच्यांचा दबाव तुझ्या दुप्पट. तिलाही हेच सांगेन, आधी तीन माणसं जोड आणि मग बॅनर लाव. आणि त्या पॅनलमधल्या लोकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगायचंय. तुमच्याकडे असा फोटो आला तर तो पुढे पाठवू नका, ज्याचा आहे त्याला फोन करून सांगा की हे फिरतंय. आणि बैठकीत गप्प बसू नका. "मला याच्यासोबत लढायला काही अडचण नाही" एवढं एका माणसाने म्हटलं तरी साहेबांना "पॅनल पडेल" म्हणता येत नाही.

राहिलं ते पद. पद घेणं म्हणजे शरणागती असं मला वाटत नाही, अट घेणं मात्र आहे. साहेबांना भेटशील तेव्हा दोन्ही वेगळं कर. असं म्हण: "साहेब, मी माझ्या घरातलं स्टेजवरून सांगत फिरणार नाही, जसं तुम्ही फिरत नाही. पण कोणी तोंडावर विचारलं तर खोटं बोलणार नाही, आणि लग्न करणार नाही. हे चालत असेल तर काम करायला मी तयार आहे." मग गप्प राहा आणि त्यांना बोलू दे. ते चिडले, "मग बघा तुमचं तुम्ही" म्हणाले तर समजेल की तिथे पुढची पाच वर्षं घालवण्यात अर्थ नाही, आणि तेव्हा दुसऱ्या पक्षाचा विचार डोकं शांत ठेवून कर. पण मला वाटतं ते थोडं घुटमळून "बरं बघू" म्हणतील, कारण तुझ्या बूथची कामं करणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नाही आणि हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहितीये. एखादा सेल वगैरे देऊ केला तर आवड असेल तरच घे आणि वॉर्डाचं काम सोडून घेऊ नकोस, दोन्ही माग. नियुक्तीपत्र लेखी घे, त्यावर प्रभागाचं नाव आणि जबाबदारी स्पष्ट लिहिलेली असू दे. पद नाही मिळालं तरी नव्या मतदारांची नावं नोंदवण्याचं काम चालूच ठेव, घरोघरी जायला त्याच्यासारखं दुसरं कारण नाही, आणि पॅनलच्या ज्या बाजूला तुला कोणी ओळखत नाही तिथून सुरुवात कर.